स्मार्ट स्पीकरखालचं पांढरं वर्तुळ: लाकडी फर्निचर असेल तर आधी काय करायचं, नंतर काय करायचं

घरात नवा स्मार्ट स्पीकर आला की जागा ठरवताना आपण तीन गोष्टी बघतो: प्लग जवळ आहे का, वाय-फाय पोचतं का आणि स्वयंपाकघरातून हाक मारली तर त्याला ऐकू जाईल का. तो ज्या लाकडावर बसणार आहे त्याचा विचार कोणी करत नाही. मग एके दिवशी धूळ पुसायला स्पीकर उचलावा, तर साइड टेबलवर त्याच्या बुडाएवढं पांढुरकं वर्तुळ. ओल्या फडक्यानं पुसलं तर दोन मिनिटं गेल्यासारखं वाटतं, पाणी वाळलं की परत हजर.

हे सगळ्यांच्याच घरी होतं असं नाही, आणि झालं तरी बहुतेक वेळा निस्तरता येतं. लाकडाचं खरं नुकसान स्पीकरपेक्षा घाईघाईत केलेल्या उपायांनी जास्त होतं. टूथपेस्ट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर असं हाताला येईल ते घासलं जातं, आणि साधं वर्तुळ होतं त्या जागी पॉलिश उडालेला पट्टा उरतो. म्हणून ओळखायचं कसं, यावर मी इथे जास्त लिहिलंय आणि घासण्यावर कमी.

हा प्रकार पहिल्यांदा गाजला तो 2018 मध्ये

ॲपलचा पहिला होमपॉड 9 फेब्रुवारी 2018 ला अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात विक्रीला आला. किंमत 349 डॉलर, वजन अडीच किलो, आणि बुडाला सिलिकॉनची गोल गादी. आठवडाभरातच वायरकटर आणि पॉकेट-लिंट या परीक्षणं करणाऱ्या संकेतस्थळांनी सांगितलं, की तेल दिलेल्या लाकडावर ठेवल्यावर त्याचं पांढरं वर्तुळ उमटतं. ॲपलनं ते नाकारलं नाही. कंपनीचं म्हणणं असं होतं, की कंपनं शोषून घेणारं सिलिकॉनचं बूड असलेला कुठलाही स्पीकर काही प्रकारच्या लाकडावर हलकी खूण सोडू शकतो, बूड आणि टेबल यांच्यामध्ये तेलं झिरपल्यानं ती पडते, आणि स्पीकर उचलल्यावर काही दिवसांत ती बहुधा आपोआप जाते. आपला स्पीकर टेबलावर डाग पाडू शकतो असं कंपनीनं मदतपानावर लिहून ठेवावं, यावर तेव्हा भरपूर विनोद झाले. पण उत्तर रसायनशास्त्राला धरून होतं. त्याच सुमारास सोनोस वन या स्पीकरच्या पायांनीही तशाच बारीक खुणा केल्याचं दिसून आलं. 2023 मध्ये होमपॉडची दुसरी आवृत्ती आली तेव्हाही परीक्षणांत वर्तुळाचा उल्लेख होताच.

तेव्हा हा एका कंपनीचा दोष नाही. आपल्याकडे घरोघरी असलेल्या छोट्या गोल स्पीकरांच्या बुडालाही रबर किंवा सिलिकॉनच असतं.

तेल येतं कुठून

सिलिकॉन रबर हाताला कोरडं लागतं, पण आतून ते पूर्ण कोरडं नसतं. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतवून घट्ट केलेल्या असतात. काही आखूड साखळ्या मात्र मोकळ्या राहतात आणि त्या तेलासारख्या वागतात. वरून वजन, आतून सततची बारीक थरथर आणि दिवसरात्र चालू यंत्राची किंचित ऊब मिळाली, की त्या हळूहळू बाहेर येतात. वर्तमानपत्रावर ठेवलेल्या भज्यांनी कागद जसा पारदर्शक होतो, तसंच काहीसं हे, फक्त फार संथ.

उलट दिशेनंही प्रवास होतो. सिलिकॉनला तेलं शोषायला आवडतात. टेबलाला जवसाचं तेल किंवा मेण दिलेलं असेल तर सिलिकॉनची गादी त्यातलं थोडं आपल्यात ओढून घेऊ शकते. मग तेवढी जागा कोरडी आणि फिकी दिसते. म्हणून काही वर्तुळं नुसती पुसून जात नाहीत, पण पुन्हा तेल दिल्यावर दिसेनाशी होतात.

काळ्या रबराची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात जी द्रव्यं घालतात, ती पॉलिशमध्ये उतरून पिवळट-तपकिरी डाग पाडू शकतात. असा डाग पुष्कळदा थराच्या आत गेलेला असतो, आणि आत गेलेला डाग वरून पुसून निघत नाही.

पायरी 1: स्पीकर उलटा करून बघा

प्लग काढा, मऊ टॉवेलवर स्पीकर आडवा करा आणि बूड बघा. चार गोष्टी तपासायच्या. बूड सिलिकॉनचं आहे की रबराचं की नुसतं प्लॅस्टिकचं. पूर्ण गोल गादी आहे की छोटे पाय. बोट फिरवल्यावर चिकट लागतंय का. आणि बुडात हवेसाठी किंवा आवाजासाठी भोकं आहेत का, कारण ती असतील तर खाली काहीही चिकटवून ती बुजवायची नाहीत.

बूड चिकट लागत असेल तर ओलसर सुती फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पुसताना स्पिरिट वापरू नका. बुडालगतच जाळीचं कापड असतं, त्याचा रंग उतरू शकतो.

पायरी 2: तुमच्या लाकडावर नेमकं काय आहे ते ओळखा

हीच खरी पायरी आहे. ‘सागवानी टेबल आहे’ एवढं माहीत असून भागत नाही. स्पीकरचा संबंध सागवानाशी येतच नाही, तो येतो सागवानावरच्या थराशी.

आपल्याकडच्या घरांत साधारण पाच प्रकार सापडतात.

मायका, म्हणजे लॅमिनेट. मॉड्युलर फर्निचर, टीव्ही युनिट आणि ऑफिसची टेबलं बहुतेक याचीच. दिसायला लाकूड, पण वरचा थर कडक प्लॅस्टिकचा. यावर स्पीकर बिनधास्त ठेवा. खूण पडली तरी ती वरच्यावर असते, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात टाकून पुसली की गेली. तुमचं फर्निचर मायक्याचं असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

पीयू (पॉलियुरेथेन) आणि मेलामाइन पॉलिश. गेल्या काही वर्षांत सुताराकडून करून घेतलेल्या बहुतेक फर्निचरवर यांपैकी एक असतं. दोन्हींत मारण्याआधी दोन द्रव्यं मिसळावी लागतात आणि वाळल्यावर लाकडावर एकसंध कडक थर बसतो. यावर धोका कमी. पण पॉलिश ताजं असेल तर गोष्ट बदलते. हाताला वाळलेलं लागणं वेगळं आणि आतून पूर्ण कडक होणं वेगळं. पीयूला त्यासाठी आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. दिवाळीच्या तोंडावर पॉलिश करून घ्यायचं, कारागिराची पाठ वळली की फुलदाणी, फोटोफ्रेम, स्पीकर सगळं जागच्या जागी मांडायचं, ही आपली पद्धत. तिथेच ठसे उमटतात.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. स्प्रेनं मारतात, झटपट वाळतं, स्वस्त पडतं. तयार मिळणाऱ्या फर्निचरवर असू शकतं. थर असतो, पण पीयूच्या मानानं नाजूक. प्लॅस्टिक आणि रबराशी याचं वैर जुनं आहे.

फ्रेंच पॉलिश किंवा स्पिरिट पॉलिश. आजोबांच्या काळातलं कपाट, शिसवी पलंग, आरामखुर्ची, जुना देव्हारा. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं हातावर हात देत हे पॉलिश चढवतात. त्याची झळाळी दुसऱ्या कुठल्याच पॉलिशला येत नाही, असं माझं मत आहे, आणि त्यावर वाद घालायलाही मी तयार आहे. पण स्वभावानं ते हळवं. गरम कप, ओला पेला, सॅनिटायझरचा थेंब, सगळ्यांची खूण राहते.

तेल आणि मेण. जवसाचं तेल, टीक ऑइल, मधमाश्यांचं मेण. यात लाकडावर कडक थर नसतोच. तेल छिद्रांत मुरलेलं असतं, मेणाचा हात वरवर असतो, स्पर्शाला लाकूडच लागतं. ऑनलाइन मागवलेल्या आंब्याच्या किंवा शिसमच्या टेबलांवर ‘नॅचरल फिनिश’ लिहिलेलं असतं तेव्हा बरेचदा हेच असतं. परदेशात राहणाऱ्यांच्या घरी ओकचं किंवा अक्रोडाचं तेल दिलेलं टेबल सर्रास दिसतं, आणि 2018 मधली ती गाजलेली वर्तुळं अशाच लाकडावर पडली होती. सगळ्यात जास्त सांभाळायचं ते या प्रकाराला.

कुठलं पॉलिश आहे हे माहीत नसेल तर घरच्या घरी तपासता येतं. जागा मात्र लपलेली निवडा: पायाची मागची बाजू किंवा टेबलाच्या फळीची खालची कड. खालच्या बाजूला कधीकधी पॉलिशच मारलेलं नसतं, तेव्हा आधी हात फिरवून खात्री करा.

पहिल्यांदा पाण्याचा एक थेंब. पाचदहा मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर थर किंवा चांगलं मेण आहे. पसरून लाकूड गडद झालं तर तेल आहे किंवा काहीच नाही. मग नखानं हलकं खरवडा. नखात मऊ पांढरट काही आलं तर मेण.

थर आहे असं वाटलं तर कापूस गुंडाळलेल्या काडीवर पॉलिशचं स्पिरिट घ्या, लपलेल्या जागी टेकवा आणि अर्ध्या मिनिटानं बोट लावून बघा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर दुसऱ्या काडीवर थिनर घेऊन शेजारी तेच करा. मऊ पडलं तर एनसी लॅकर. त्यावरही ढिम्म राहिलं तर मेलामाइन किंवा पीयू. एवढी माहिती आपल्याला पुरे.

एक गोष्ट मात्र बघून ठेवा: फळी भरीव लाकडाची आहे की प्लायवर विनियर चिकटवलेलं आहे. कडेला वरच्या रेघा तशाच खाली उतरल्या असतील तर भरीव. कडेला वेगळी पट्टी दिसली तर विनियर. विनियरचा लाकडी पापुद्रा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. त्यावर पॉलिश पेपर चालवणं नवख्यांनी टाळावं, खालचा प्लाय उघडा पडला की तो झाकता येत नाही.

पायरी 3: मध्ये काहीतरी ठेवा, पण योग्य ते

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे टाइल. घराचं काम झाल्यावर उरलेली एखादी टाइल बहुतेकांच्या माळ्यावर असतेच. गुळगुळीत, चकचकीत, स्पीकरच्या बुडापेक्षा दोन बोटं मोठी असा तुकडा कापून घ्या. कडा घासून बोथट करा. त्याच्या खालच्या बाजूला चार कोपऱ्यांत फेल्टच्या चकत्या चिकटवा, खुर्च्यांच्या पायांना लावतात त्या. हार्डवेअरच्या दुकानात पाकीट मिळतं. फेल्ट लाकडाकडे आणि टाइल स्पीकरकडे. टाइलमधून तेल झिरपत नाही आणि फेल्टमुळे ओरखडा उठत नाही. माप हवं असेल तर: मोठा होमपॉड साधारण 14 सेंटिमीटर रुंद आहे, होमपॉड मिनी आणि नेस्ट मिनीसारखे छोटे स्पीकर 10 सेंटिमीटरच्या आसपास.

काच, संगमरवर किंवा ग्रॅनाइटचा तुकडाही चालतो. खाली फेल्ट हवंच.

आता जे चालत नाही त्याबद्दल. क्रोशाचा रुमाल किंवा टेबलक्लॉथ दिसायला छान, पण पातळ कापड तेल अडवत नाही, आरपार जाऊ देतं. गडद रंगाचं कापड किंवा चामडं पावसाळ्यातल्या दमटपणात स्वतःचाच रंग सोडतं. सिलिकॉनचे कोस्टर तर मुळातच त्याच घराण्यातले, ते ठेवून वर्तुळ फक्त मोठं होईल. पीव्हीसीचे टेबलमॅटही नकोत. त्यांना लवचीक ठेवणारं द्रव्य लॅकरला मऊ करतं आणि मॅट लाकडाला चिकटून बसतो. बुचाचे कोस्टर ठीक, पण निव्वळ बुचाचे. रबर मिसळलेले काळपट मिळतात ते नकोत.

फेल्टच्या चकत्या थेट स्पीकरच्या बुडाला चिकटवायचा मोह होतो. सिलिकॉनवर गोंद धरत नाही, ऊब मिळाली की चकती सरकते, आणि लाकडावर तेलाऐवजी गोंदाचा डाग मिळतो.

आवाजात फरक पडतो का, असा प्रश्न येतो. पोकळ साइड टेबलवर स्पीकर ठेवला तर टेबलच घुमतं. जड टाइल मध्ये आली की ते घुमणं थोडं कमीच होतं. आवाजाच्या दृष्टीनं भिंतीपासूनचं अंतर जास्त महत्त्वाचं. होमपॉडसाठी ॲपल चहूबाजूंनी साधारण 15 सेंटिमीटर मोकळी जागा सांगतं, आणि बाकीच्या स्पीकरांनाही तेवढी दिली तर बिघडत नाही.

देव्हाऱ्याजवळ स्पीकर ठेवणारे बरेच आहेत, सकाळी विष्णुसहस्रनाम किंवा आरत्या लावायला सोय होते. तिथे समईचं तेल, अभिषेकाचं पाणी आणि कुंकू यांची ये-जा असते आणि लाकूड बहुधा जुन्या लाखेच्या पॉलिशचं. स्पीकर देव्हाऱ्याच्या फळीवर न ठेवता शेजारच्या भिंतीवर छोट्या फळीवर ठेवा. त्याच्या आणि समईच्या, दोघांच्या हिताचं आहे.

काहीही ठेवलं तरी पहिले दोन-तीन आठवडे अधूनमधून स्पीकर उचलून खाली बघा. वर्तुळ धूसर असतानाच सापडलं तर काम सोपं.

पायरी 4: वर्तुळ पडलंच असेल तर ते कशाचं आहे ते ठरवा

खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च टेबलाला समांतर, अगदी खालून आडवा धरा. समोरून न दिसणाऱ्या गोष्टी या आडव्या उजेडात दिसतात. वर्तुळाच्या जागी चमक वाढली आहे की कमी झाली आहे, कड उंचावली आहे की दबली आहे, आत बारीक ओरखडे आहेत का, हे नीट बघा.

चमक बदलली आहे, रंग तोच आहे, बोटाला किंचित निसरडं लागतं: तेल वरवर बसलंय. सगळ्यात सोपा प्रकार.

दुधाळ, धुक्यासारखं पांढरं, आणि टेबल लाखेच्या पॉलिशचं किंवा लॅकरचं: हे स्पीकरच्या तेलाचं नसण्याची शक्यता मोठी. थरात ओल अडकली की असं दिसतं. पावसाळ्यात, किंवा ओल्या फडक्यानं पुसून लगेच स्पीकर ठेवला की होतं.

तेल दिलेल्या लाकडावर फिकं, कोरडं वर्तुळ: 2018 वालं. संयमाचं काम.

पिवळट किंवा तपकिरी डाग: रबराचा. घरगुती उपायांनी जाईल अशी फार आशा धरू नका.

काळं वर्तुळ: लाकडात पाणी आणि लोखंड दोन्ही पोचल्याची खूण. लाकडातल्या टॅनिन या द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन काळं होतं. यात स्पीकर बहुतेक निर्दोष असतो. आधी तिथे कुठली कुंडी किंवा पत्र्याचा डबा होता का ते आठवा.

वर्तुळाची जागा आणि भोवतालचं लाकूड यांत फक्त रंगाचा फरक असेल आणि टेबल खिडकीपाशी असेल, तर तो उन्हाचा खेळ. झाकलेली जागा जुन्या रंगाची राहिली, बाकीचं बदललं. स्पीकर हलवा आणि विसरून जा, काही महिन्यांत फरक कमी होतो.

पायरी 5: सौम्य उपायापासून सुरुवात

स्पीकर उचला आणि तीन-चार दिवस त्या जागेला हात लावू नका. पंख्याखालची हवा लागू द्या. ऐकायला आळशीपणा वाटतो, पण ॲपलची सूचनाही हीच होती आणि बरीच वर्तुळं यातच जातात.

उरलं तर कोरडं मऊ सुती फडकं, लाकडाच्या रेघांच्या दिशेनं. मग पिळून घेतलेलं ओलसर फडकं, लगेच कोरडं. मग लिक्विडचे दोन थेंब घातलेलं पाणी, पुन्हा पिळून, पुन्हा कोरडं. प्रत्येक वेळी थांबून, वाळल्यावर बघायचं. ओल्या लाकडावर डाग लपतो, म्हणून निकाल वाळल्यावरच लावा.

तेल दिलेल्या किंवा कच्च्या लाकडावर मुलतानी माती वापरून बघण्यासारखी आहे. ही माती तेल शोषते, म्हणून तर ती चेहऱ्याला लावतात. साधी, बिनसुगंधी पूड वर्तुळावर कोरडीच पसरा, वर कागद ठेवा, रात्रभर राहू द्या, सकाळी मऊ ब्रशनं झटका. पाण्यात कालवून लेप देऊ नका, पाण्यानं नवा डाग पडेल आणि मातीचा रंग छिद्रांत बसेल.

यानंतरची चीज म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, रंगाच्या दुकानात मिळतं. सिलिकॉनचं तेल आणि मेण दोन्ही यात विरघळतं. लपलेल्या जागी आधी बघा, मग फडक्याला थोडं लावून वर्तुळावरून फिरवा आणि दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्या. तीच बाजू फिरवत राहिलात तर तेल निघत नाही, फक्त पसरतं. पीयू, मेलामाइनला यानं बहुधा काही होत नाही. मेण असेल तर तेही निघून येईल, ते नंतर परत द्यायचं. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ समई, उदबत्ती, गॅस काही पेटतं नको.

दुधाळ ओलीच्या डागाला मात्र ऊब लागते. सुती जुन्या साडीचा कोरडा तुकडा डागावर ठेवा, इस्त्री अगदी कमी उष्णतेवर, वाफ बंद, आणि पाच-सहा सेकंद फिरती ठेवून उचला. बघा. पुन्हा एकदोनदा. इस्त्री एका जागी थांबली तर पॉलिश कापडाला चिकटेल. इस्त्री फिरवायचा धीर होत नसेल तर केस वाळवायचा ड्रायर दुरून वापरा. हा उपाय फक्त ओलीच्या डागावर आहे. तेलाच्या डागाला ऊब दिली तर तेल आणखी आत जातं.

तेलाच्या लाकडावरचं फिकं वर्तुळ एवढं करूनही दिसत असेल तर पुन्हा तेल द्यायची वेळ आली. फळी भरीव असेल तर 320 नंबरचा पॉलिश पेपर रेघांच्या दिशेनं, हलक्या हातानं, पूर्ण फळीवर फिरवा. फक्त वर्तुळावर फिरवलात तर वर्तुळाऐवजी ठिगळ दिसेल. धूळ पुसा. मूळचंच तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर लाकडाला द्यायचं उकळलेलं जवसाचं तेल. फडक्यानं पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. तेल पुसून न काढता सोडलं तर चिकट पापुद्रा बसतो आणि महिनाभर धूळ धरतो. स्पीकर परत ठेवायची घाई नको, जवसाचं तेल पूर्ण कडक व्हायला काही आठवडे घेतं.

इथे एक गंभीर सूचना. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना हे तेल उष्णता सोडतं, आणि चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडली तर फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. एकेक फडकं उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा, मगच टाका.

टूथपेस्टबद्दल. त्यात बारीक घासणी असते. ती डागाबरोबर चमकही नेते, आणि चकचकीत टेबलावर मधोमध मंद ठिपका उरतो. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लाखेचं पॉलिश विरघळवतात, रिमूव्हर तर लॅकरही. आणि ‘इन्स्टंट शाइन’वाले फर्निचर स्प्रे: यांतल्या पुष्कळांत सिलिकॉनच असतं. सिलिकॉनचा डाग घालवायला आणखी सिलिकॉन मारण्यात अर्थ नाही.

पायरी 6: पॉलिशवाला बोलावलात तर ‘सिलिकॉन’ हा शब्द उच्चारा

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिलिकॉनचा अगदी पुसटसा अंश लाकडावर राहिला आणि त्यावर पीयू किंवा लॅकर मारलं, तर पॉलिश तिथे बसत नाही. मारल्या मारल्या थर मागे सरतो आणि छोटे गोल खड्डे पडतात. त्याला फिश आय म्हणतात. नुसता पेपर मारून ते जात नाही, उलट घासताना सिलिकॉन सगळीकडे पसरतो. मग कारागीर म्हणतो माल खराब आहे, दुकानदार म्हणतो हात खराब आहे, आणि टेबल मध्ये उभं.

म्हणून आधीच सांगा: इथे सिलिकॉनचं बूड असलेला स्पीकर होता, त्याचा डाग आहे. जाणता कारागीर पेपर मारण्याच्या आधी टर्पेंटाइननं दोन-तीनदा, दर वेळी ताज्या फडक्यानं, पुसून घेईल. पीयूच्या आधी स्पिरिटमधल्या लाखेचा एक पातळ हात मारून घेणं हाही उपाय आहे. लाख मध्ये आली की खालचा अंश अडतो. ही लाख मेण काढलेली असली पाहिजे, साध्या लाखेवर पीयू नीट धरत नाही. कारागिरानं ‘काय होत नाही साहेब’ म्हणून हसून सोडून दिलं तर निदान आधी फळीच्या एका कोपऱ्यावर मारून दाखवायला सांगा.

एकाच वर्तुळापुरतं पॉलिश जुळवून देतो असं कोणी म्हटलं तर लाखेच्या पॉलिशच्या बाबतीत विश्वास ठेवायला हरकत नाही. नवी लाख जुनीत विरघळते आणि जोड दिसत नाही. पीयूत जोड दिसतोच, तिथे पूर्ण फळी करावी लागते. दर ठरवताना हे लक्षात असू द्या.

स्पीकरखेरीज बाकीचे

एकदा हे कळलं की घरात इतरत्रही वर्तुळं दिसायला लागतात. टीव्हीच्या स्टँडचे रबरी पाय, राउटर, टेबलफॅन, लॅपटॉप, शिलाई मशीन. आणि सगळ्यांत मोठा गुन्हेगार म्हणजे जेवणाच्या टेबलावरचं पारदर्शक प्लॅस्टिक. टेबल खराब होऊ नये म्हणून ते आपण घालतो, आणि उन्हाळ्यात ते पॉलिशला असं चिकटतं की उचलताना पापुद्रा घेऊनच येतं. त्याऐवजी मापाची काच घ्या, आणि काच व लाकूड यांच्यामध्ये छोट्या फेल्टच्या चकत्या ठेवा, म्हणजे हवा खेळती राहील.

भाड्याच्या घरात असाल तर

फर्निचर मालकाचं आणि स्पीकर तुमचा, अशी परिस्थिती पुण्या-मुंबईत नेहमीची. राहायला येतानाच प्रत्येक लाकडी पृष्ठभागाचा आडव्या उजेडातला फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. म्हणजे आधीच्या वर्तुळाचा खर्च तुमच्या डिपॉझिटमधून जाणार नाही. तुमच्या काळात डाग पडला तर पाचव्या पायरीतल्या ओलसर फडक्यापर्यंतचे उपाय स्वतः करायला हरकत नाही. टर्पेंटाइन, इस्त्री आणि पॉलिश पेपर यांना हात घालण्याआधी मालकाला विचारा. टेबल मालकाला त्याच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं असेल, तर त्याचा पॉलिशवाला ठरलेला असतो.